गुरुदक्षिणेचे बियाणे

वर्ष कितीही टंचाईचे येवो, जाणता शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. घरातील धान्य संपले तर तो उसनवार करील, प्रसंगी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीस जाईल. परंतु पेरणीसाठी राखलेले बी दळणास काढणार नाही. ते बी संपले म्हणजे केवळ एका वर्षाचे अन्न नव्हे, तर पुढील सर्व वर्षांचे पीक संपले, हे तो जाणतो.

विद्येच्या क्षेत्रातही अशी एक कणगी असते. तिला अक्षयनिधी म्हणतात. अनेकांनी मिळून एक रक्कम जमवावयाची, तिचे मुद्दल कायम ठेवावयाचे आणि केवळ व्याजातून दरवर्षी ठरलेले कार्य करावयाचे, अशी ही योजना आहे. आमच्या एका प्राध्यापकांच्या सेवानिवृत्तीच्या निमित्ताने आम्हा माजी विद्यार्थ्यांना असा निधी उभारण्याचा योग आला. त्याची हकीकत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. स्वतःचे नाव छापून येणे प्राध्यापक महोदयांस रुचत नाही. त्यांच्या इच्छेस मान देऊन ते येथे दिलेले नाही.

सत्कार कसा करावा?

सरांनी सुमारे तीन तपे कोरडवाहू शेतीचे अध्यापन केले. त्यांचे विद्यार्थी आज कृषि विभागात, बँकांत, बियाण्यांच्या व्यवसायात आणि स्वतःच्या शेतीत आहेत. निवृत्ती जवळ आली, तेव्हा आमच्यापैकी पंचवीस-तीस जण एका रविवारी महाविद्यालयाच्या आवारात जमले. शाल, श्रीफळ आणि चांदीचे मानपत्र द्यावे, अशी पहिली सूचना आली. गौरवग्रंथ काढावा, अशी दुसरी. सभागृहास त्यांचे नाव द्यावे, असेही कोणी सुचविले. सर्वच सूचना सद्भावनेच्या होत्या. तथापि कोणाचेही मन पुरते भरले नाही.

त्या वेळी प्रक्षेत्रावरील जुने मुकादम दाराशी उभे होते. त्यांना कोणीतरी सहज विचारले, "मामा, तुम्हांला काय वाटते?" मामा थोडे थांबले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्या दुसऱ्या वर्षाच्या ज्वारीची मजुरी कोणी दिली, ते यांना विचारा."

मी म्हणालो, "महाविद्यालयाने." मामांनी मान हलविली. "मंजुरी आलीच नव्हती. हजेरीपत्रक मी लिहीत होतो. दर शनिवारी पैसे सर स्वतःच्या खिशातून देत."

ही गोष्ट मला दहा वर्षांहून अधिक काळ ठाऊक नव्हती. ती का महत्त्वाची आहे, हे समजण्यासाठी त्या प्रयोगाची माहिती सांगणे अवश्य आहे.

एका हंगामाचे उत्तर

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी रब्बी ज्वारीतील कोळपणीचा विषय घेतला होता. मध्यम काळ्या जमिनीत ज्वारी साठविलेल्या ओलीवर वाढते. ओल उडू लागली की जमिनीस भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओलही निघून जाते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत केला म्हणजे भेगा बुजतात, तण मरते व ओल टिकते. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यांत अशा तीन कोळपण्या कराव्यात, अशी शिफारस आहे. परंतु बैलजोडी ठेवणे महाग झाले, मजूर मिळेनासे झाले, तेव्हा तिसरी कोळपणी खरोखर आवश्यक आहे काय, असा प्रश्न शेतकरी विचारू लागले होते. तोच प्रश्न मी घेतला.

एका शेतकऱ्याने आपल्या रानाचा तुकडा दिला. तेथे वीस वाफे आखले. काही वाफ्यांत एकही कोळपणी नाही, काहींत एक, काहींत दोन व काहींत तीन, अशा चार पद्धती प्रत्येकी पाच वेळा, चिठ्ठ्या टाकून वाटून दिल्या. फरक तणामुळे पडतो की ओलीमुळे, हे वेगळे कळावे म्हणून सर्व वाफ्यांतील तण हाताने उपटून घेतले. हे पाहून शेतकरी दादा म्हणाले, "कोळपे दारात असून रान तसेच भेगाळू द्यायचे, ही कसली विद्या?" त्यांचा प्रश्न रास्त होता. तुलनेसाठी काही वाफे तसेच ठेवावे लागतात, नाही तर लाभ कशाचा ते कळत नाही, हे समजावून सांगावयास मला दोन संध्याकाळ लागल्या.

पहिल्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. पीक पोटरीत येईपर्यंत जमिनीत ओल भरपूर राहिली. काढणीनंतर तोलून पाहिले, तो दोन व तीन कोळपण्यांच्या वाफ्यांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. मी निष्कर्ष लिहिला : तिसरी कोळपणी अनावश्यक. प्रबंध पुरा करण्याची मला घाई होती. पुढील हंगामासाठी पैसेही नव्हते.

सरांनी तो कागद वाचला व माझ्याकडे परत दिला. ते इतकेच म्हणाले, "हे उत्तर पावसाने दिले आहे, कोळप्याने नव्हे. आणखी एक हंगाम घे." मजुरीची अडचण सांगताच त्यांनी "व्यवस्था होईल" असे सांगितले. ती व्यवस्था कोठून झाली, हे मुकादमांच्या तोंडून आम्हांस त्या रविवारी कळले.

दुसऱ्या वर्षी पेरणीनंतर पावसाने पाठ फिरविली. कोळपणी न केलेल्या वाफ्यांत हाताची बोटे जातील अशा भेगा पडल्या. कणसे भरलीच नाहीत. तीन कोळपण्यांचे वाफे दुरूनही ओळखू येत होते. मी पहिल्या वर्षाच्या आधारे सल्ला दिला असता, तर ज्या वर्षी तिसऱ्या कोळपणीची खरी गरज असते नेमक्या त्याच वर्षी शेतकऱ्यांनी ती टाळली असती. मजुरीचे चार पैसे वाचले असते आणि पीक गेले असते. चुकीचा सल्ला देणारा मात्र कचेरीत सुरक्षित राहिला असता.

कोळपणीविना ठेवलेल्या वाफ्यांत आलेली तूटही सरांनी शेतकरी दादांस धान्याच्या रूपाने भरून दिली होती, असे मुकादमांनी पुढे सांगितले. हे ऐकल्यावर सभेत काही वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातील एक ज्येष्ठ बंधू, जे आता स्वतः शेती करतात, म्हणाले, "सरांनी जे गुपचूप केले, ते आता आपण उघडपणे आणि कायमचे करू." मानपत्राचा विषय तेथेच संपला व निधीचा ठराव झाला.

शेतकऱ्यांच्या वर्गणीतून प्रयोगशाळा

सन्मान म्हणून संशोधनाची सोय करून देणे, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेस हार्पेंडन गावाजवळ रॉथॅमस्टेड नावाचे कृषिसंशोधन केंद्र आहे. जॉन बेनेट लॉज या जमीनमालकाने 1843 साली रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांस सोबत घेऊन तेथे खतांचे प्रयोग आरंभिले. त्यांचे आरंभीचे पृथक्करणाचे काम एका जुन्या कोठारात चाले. या प्रयोगांचा लाभ ध्यानी आल्यावर शेतकरी व इतर मंडळींनी लॉज यांच्या गौरवासाठी वर्गणी गोळा केली. त्या रकमेतून 1855 साली प्रयोगशाळा उभी राहिली. ती 'गौरव प्रयोगशाळा' याच अर्थाच्या नावाने ओळखली गेली.

पुढे लॉज यांनी स्वतः याहून मोठे पाऊल उचलले. माणूस जातो, परंतु प्रयोग थांबता कामा नये, हे जाणून त्यांनी 1889 साली एक लाख पौंडांचा न्यास केला. लॉज 1900 साली व गिल्बर्ट 1901 साली निवर्तले. प्रयोग थांबले नाहीत. ब्रॉडबॉक या शेतात 1843 च्या शरदात पेरलेल्या गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे. कोठे शेणखत, कोठे रासायनिक खते, तर एका पट्टीस आरंभापासून काहीच खत नाही. तेथील धान्य, पेंढा व माती यांचे नमुने पिढ्यान्‌पिढ्या बाटल्यांत भरून ठेवलेले आहेत.

या प्रयोगाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पुष्कळ आहे. या जुन्या नोंदींचा अर्थ लावण्यासाठी 1919 साली रोनाल्ड फिशर हे गणिती रॉथॅमस्टेडला आले. एकच पद्धत अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा घ्यावी आणि कोणत्या वाफ्यात कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकून ठरवावे, हा नियम त्यांनी तेथे शास्त्रशुद्ध पायावर मांडला. डॉ. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1954 साली लिहिलेल्या ग्रंथाने ही पद्धत भारतातील कृषिकार्यकर्त्यांच्या हाती दिली. आपल्या शिवारात प्रात्यक्षिकाचे वाफे आखले जातात, तेव्हा त्यामागे ही परंपरा असते.

आणखी एक धागा थेट पुण्याचा आहे. डॉ. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे मुंबई इलाख्याचे शेती संचालक होते. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावच्या जमिनीचा व शेतकऱ्यांच्या कर्जाचा त्यांनी सहकाऱ्यांसह घरोघर जाऊन अभ्यास केला. तो 1917 साली प्रसिद्ध झाला. भारतातील सेवा संपल्यावर 1928 पासून त्यांनी रॉथॅमस्टेडशी जोडलेल्या वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर काम केले. निवृत्ती म्हणजे कामाचा शेवट नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आचार्य राय यांचे उदाहरण

आपल्या देशात या बाबतीत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आदराने घ्यावयास हवे. कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात ते रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक होते. हे प्राध्यापकपदच मुळी तारकनाथ पालित या कायदेपंडिताने दिलेल्या देणगीतून निर्माण झाले होते. भौतिकशास्त्राच्या पालित प्राध्यापकपदावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांची नेमणूक झाली, आणि त्या पदावर असतानाच 1928 साली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला जगप्रसिद्ध शोध लावला.

आचार्य राय 1921 साली साठ वर्षांचे झाले. त्यांनी सेवा चालू ठेवली. मात्र तेथून पुढचा आपला सर्व पगार रसायनशास्त्राच्या कार्यासाठी विद्यापीठास अर्पण केला. 1936 साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, त्यांनी हा संकल्प पाळला. 1922 साली त्यांनी दहा हजार रुपये देऊन रसायनशास्त्रातील संशोधनासाठी पारितोषिक ठेविले. त्यास स्वतःचे नाव न देता प्राचीन रसायनविद नागार्जुनाचे नाव दिले. ते अविवाहित होते व विद्यार्थ्यांसमवेत महाविद्यालयाच्याच इमारतीत एका खोलीत राहत.

शेतीच्या क्षेत्रातही देणगीने मोठे काम झालेले आहे. बिहारमधील पुसा येथे 1905 साली स्थापन झालेल्या कृषिसंशोधन संस्थेस हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थांच्या देणगीचा आधार होता. 1934 च्या भूकंपात तेथील इमारतीची हानी झाल्यावर ती संस्था 1936 साली दिल्लीस हलविण्यात आली. तीच आजची भारतीय कृषि अनुसंधान संस्था होय.

निधीचा हिशोब

लॉज किंवा पालित यांच्याएवढे धन आपणांपाशी कोठून असणार, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु विद्यार्थ्याच्या प्रयोगास लागणारा खर्च फार मोठा नसतो. मजुरी, बियाणे, मातीची तपासणी आणि गावी जाण्या-येण्याचे भाडे, इतक्यासाठीच बहुधा काम अडते.

उदाहरणादाखल दहा लाख रुपयांचे मुद्दल धरू. सात टक्के व्याजाने वर्षास सत्तर हजार रुपये येतील. हे सर्व सत्तर हजार दरसाल खर्च केले तर काय होईल? मुद्दल आकड्याने तेवढेच राहील. पण भाव वाढत जातील. भाववाढ दरसाल सहा टक्के धरली, तर सुमारे बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे त्या सत्तर हजारांत तेव्हा आजच्या निम्मेच काम होईल. कणगीला वरून हात लागला नाही, तरी तळाशी उंदीर लागला, असाच हा प्रकार होय.

यास्तव आम्ही असे ठरविले की, व्याजातील साधारण चार भाग विद्यार्थ्यास द्यावेत आणि तीन भाग मुद्दलात परत घालावेत. वरील उदाहरणात चाळीस हजार खर्चास मिळतील व तीस हजार मुद्दलास मिळून पुढील वर्षी ते दहा लाख तीस हजार होईल. एवढ्याने झीज पूर्ण भरून निघत नाही. निम्मी मात्र भरते. उरलेली भरण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी दरसाल थोडी थोडी भर घालावी लागेल. निधी एकदा उभारला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्याचा निधी फार काळ टिकत नाही.

रक्कम व्यक्तीच्या नावे न ठेवता संस्थेच्या नावे ठेवावी, तिचा उद्देश लेखी असावा, हिशोब दरवर्षी तपासून सर्व देणगीदारांपुढे मांडावा, आणि मुद्दल मोडण्याचा अधिकार कोणासही नसावा, हे चार नियम प्रथमच घालून घेणे इष्ट होय. तोंडी विश्वासावर चाललेली चांगली कामे माणसे बदलताच बंद पडतात.

सरांनी घातलेल्या अटी

निधीची कल्पना आम्ही सरांपुढे मांडली, तेव्हा ते प्रथम संकोचले. खिशातून दिलेल्या मजुरीचा विषय निघताच त्यांनी तो हसून बाजूस सारला. अखेर त्यांनी संमती दिली. पण तीन अटी घातल्या, आणि त्या आम्ही जशाच्या तशा ठरावात लिहिल्या.

पहिली अट अशी की, निधीतून मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रयोग निदान दोन हंगाम चालला पाहिजे आणि त्यातील काही भाग शेतकऱ्याच्या रानावर झाला पाहिजे. दुसरी, प्रयोगामुळे शेतकऱ्याच्या उत्पन्नात तूट आली तर ती प्रथम निधीतून भरून द्यावी व मगच इतर खर्च करावा. ज्याच्या पोटास चिमटा बसतो त्याच्याकडून विद्या फुकट घेऊ नये. तिसरी, निष्कर्ष प्रथम त्याच गावी, त्याच शेतकऱ्यापुढे वाचून दाखवावा आणि प्रयोग फसला असल्यास तेही सांगावे. अहवालाच्या पहिल्या पानावर रान देणाऱ्याचे नाव येणार असेल, तरच निधीस आपले नाव देण्यास त्यांनी होकार दिला.

निरोपाच्या दिवशी समारंभ साधाच झाला. ज्यांच्या रानात माझा प्रयोग झाला होता ते शेतकरी दादा मुद्दाम आले होते. देणग्यांची यादी वाचली जात असता ते उठले व त्यांनी दोन पायली ज्वारी व्यासपीठावर ठेवली. म्हणाले, "पैशाचे मला कळत नाही. त्या साली सरांनी जे धान्य दिले, ते मी पेरले होते. हे त्याचेच बी." त्या ज्वारीची नोंद देणगीच्या वहीत घेतली आहे. सरांचे डोळे त्या वेळी भरून आलेले आम्ही प्रथमच पाहिले.

आपण काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गावात फिरताना शेतकरी जे प्रश्न विचारतात, ते तारीख, जमिनीचा प्रकार, पीक व पावसाचे मान यांसह वहीत टिपून ठेवावेत आणि वर्षातून एकदा जवळच्या कृषि महाविद्यालयास पाठवावेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांस विषयांची गरज असते आणि गावास उत्तरांची. ही गाठ घालून देणे आपल्या हाती आहे. दुसरे, एकाच हंगामाच्या प्रात्यक्षिकावरून ठाम सल्ला देण्याचा मोह टाळावा. त्या हंगामात पाऊस कसा होता, हे विचारल्यावाचून कोणतेही उत्तर पुरे होत नाही.

शेतकरी बंधूंनी प्रयोगासाठी रानाचा लहान तुकडा देण्यास मागेपुढे पाहू नये. मात्र तुटीची भरपाई कशी होणार, हे आधी विचारून घ्यावे. तसे विचारण्यात काहीही गैर नाही. प्रयोगाच्या वाफ्यांची खूण मोडू नये आणि काढणीच्या दिवशी तोलताना स्वतः हजर राहावे.

गावातील एखादे शिक्षक, पशुवैद्य किंवा सोसायटीचे जुने सचिव सेवानिवृत्त होतात, तेव्हाही हाच विचार करता येईल. हार-तुरे अवश्य असावेत. त्यांत माया असते. परंतु त्यासोबत लहानसा का होईना, निधी ठेवला तर त्या माणसाने आयुष्यभर केलेले काम त्याच्यामागे चालू राहते. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. राखलेले बी मात्र दरवर्षी उगवते.

येत्या रब्बीत आमच्या निधीतून मदत मिळालेली पहिली विद्यार्थिनी आपल्या प्रयोगाची पेरणी करील. दोन पायलींपैकी एक पायली ज्वारी तिच्या प्रयोगाच्या कडेच्या ओळींसाठी ठेवली आहे. दुसरी पायली कणगीतच राहील.